दम लागायच्या आधी

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५
दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं

वर लिहिलेल्या दिवशी आणि वेळी जयपूरच्या या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून माझ्या नवऱ्याला मला न विचारता आयसीयूत हलवण्यात आलं. मी खाली कँटीनमध्ये चहा घ्यायला गेले होते. परत आले तर पलंग रिकामा आणि त्यावर नवी, ताणून बसवलेली चादर. रुग्णालयात अशी चादर दिसली की बायकोच्या डोक्यात काय येतं, हे इथल्या लोकांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. दोन्ही कप माझ्या हातातून सांडले. साडी खराब झाली.

तारीख आणि वेळ आधी लिहिण्याची सवय नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, तक्रार करायची तर आधी तारीख, मग वेळ, मग अन्याय, मग मागणी आणि शेवटी मुदत. राग लिहायचा नाही. तो आपोआप वाचता येतो.

अन्याय असा. काल संध्याकाळी अरुण स्कूटरवरून गाजरं आणायला गेला. हिवाळ्यातली पहिली लाल गाजरं दिसली की या माणसाला चैन पडत नाही. गोपालपुरा बायपासवर कोचिंगच्या मुलांची एक बस अचानक थांबली, हा मागून धडकला आणि स्कूटरचं हँडल छातीत बसलं. उठला, कपडे झटकले, पिशवी उचलून रिक्षानं घरी आला. आमच्या दुर्गापुऱ्यातल्या डॉक्टरनं एक्स-रे काढला. उजवीकडच्या दोन बरगड्यांना तडे, फुप्फुस साफ, गोळ्या घ्या, आराम करा. झालं. आज सकाळी या मोठ्या रुग्णालयात आलो ते केवळ कीर्तीनं पुण्याहून फोनवर हट्ट धरला म्हणून. कीर्ती आमची मुलगी. तिचा हट्ट माझ्याकडून आलाय, असं तिचा बाप म्हणतो.

इथे सीटी स्कॅन काढला. त्यानंतर अरुणनं पोहे खाल्ले, नर्सला दोन विनोद सांगितले, मला म्हणाला, "मंदा, जा, चहा आण, इथला नको, खालचा." मी गेले. आणि ही मंडळी त्याला घेऊन गेली.

सगळ्यात संतापजनक गोष्ट अशी की संमतीच्या कागदावर सही त्याची स्वतःची आहे. फ्रीज कुठल्या रंगाचा घ्यायचा हेसुद्धा मला विचारणारा माणूस!

मागणी: या निर्णयाची कारणं मला लेखी मिळावीत. मुदत: आज संध्याकाळी पाच. काउंटरवर अर्ज दिला आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटीजी, डॉक्टर साहब बता देंगी ना." मी म्हटलं, बता देंगी नको. लिखके देंगी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लेखी उत्तर आलं नाही. काल पाचच्या सुमारास डॉक्टरच आली.

डॉ. सावनी. आयसीयू तिच्याकडे आहे. पस्तिशीच्या आसपासची असेल. वडील लष्करात होते, ही इथल्या छावणीतच वाढली. मी मराठी आहे हे अर्जावरच्या आडनावावरून ओळखून ती मराठीत बोलायला लागली. ओल्या फरशीवरून चालावं तशी बोलते, एकेक पाऊल जपून.

"काकू, काकांची फोटो बघितली मी. मतलब, सीटी."

"फोटो बघितला. तो फोटो."

"तो फोटो. त्यात फुप्फुसाला मार दिसतो. खूप."

"कालच्या एक्स-रेत साफ होतं."

"एक्स-रेला इतक्या लवकर दिसत नाही, काकू. सीटीला दिसतं."

"आज त्याला काही त्रास आहे?"

"नाही."

"ऑक्सिजन?"

"पंच्याण्णव. ठीक आहे."

"मग त्याला आयसीयूत कशासाठी ठेवलंय?"

ती म्हणाली, "परवासाठी."

मी बत्तीस वर्षं वेधशाळेत काढली. उद्या काय होणार हे सांगण्याचा पगार घेतला. लग्नकार्यात माझी ओळख करून दिली की कोणीतरी हमखास म्हणायचं, वेधशाळेनं पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरी ठेवा. आणि हसायचं. त्या सगळ्यांचा मला जन्मभर राग आहे. तरी माझ्या तोंडून काय निघावं?

"म्हणजे तुमचा नुसता अंदाज आहे तर!"

तिनं मान हलवली. "हो काकू. अंदाज." मग म्हणाली, "बघायचा आहे तुम्हाला?"

एका छोट्या खोलीत तिनं मला संगणकासमोर बसवलं. आता जे पाहिलं ते नीट लिहिते, कारण असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही आणि मला वाटत होतं की पाहायचं ते बरंच पाहून झालंय.

छातीच्या आडव्या चकत्या, पावाच्या असतात तशा. ती बोटानं चाक फिरवत होती आणि आम्ही गळ्यापासून खाली खाली उतरत होतो. काळं म्हणजे हवा. मध्ये श्वासनलिका, तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, उलटं लावलेलं झाड. माझ्या नवऱ्याच्या आत एक झाड आहे हे मला बेचाळीस वर्षांच्या संसारात कुणी सांगितलं नव्हतं. सावनी म्हणाली, हे सगळं उलगडून पसरलं तर जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढं होईल. त्या माणसाच्या छातीत, ज्याच्या शर्टाचं माप मी आजही चुकवते!

मग उजवीकडे ढग दिसले.

ढगच म्हणते मी. दुसरा शब्द नाही. उपग्रहाच्या चित्रात पश्चिमेकडून हिवाळी ढग शिरताना दिसतात, आधी पातळ, दुधी, कडा विसविशीत, आणि खाली जमिनीवर लखलखीत ऊन पडलेलं असतं. जयपूरचे लोक गच्चीवर लोणच्याच्या बरण्या ठेवून बसलेले असतात आणि आपल्याला माहीत असतं की परवा त्या आत घ्याव्या लागणार. तसंच. मी खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला.

"उजवीकडे बऱ्याच ठिकाणी," मी म्हटलं, "डावीकडे तुरळक."

सावनी माझ्याकडे बघत राहिली. "करेक्ट, काकू. हा प्रोग्राम पण हेच सांगतो." तिनं एक कळ दाबली आणि ढग लाल झाले. प्रत्येक चकतीतले लाल ठिपके मोजून संगणकानं आकडा दिला: सव्वीस टक्के. फुप्फुसाचा साधारण पाचवा हिस्सा ठेचला गेला असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत श्वास बिघडण्याची शक्यता फार वाढते, असं ती म्हणाली. ठेचलेल्या जागी रक्त आणि पाणी झिरपत राहतं, हवेच्या जागा भरत जातात. माणूस मात्र तोवर पोहे खातो, विनोद सांगतो.

"शक्यता म्हणजे होईलच असं नाही," मी म्हटलं.

"नाही. पण झालं तर मला धावत जायचं नाही आहे. मला तिथे उभं असायचं आहे."

आयुष्यभर मी बाहेरची हवा पाहत आले. तीच हवा माणसाच्या आत जाते आणि तिथेही तिचं हवामान असतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तिथून उठवत नव्हतं मला.

तरीही तक्रार कायम आहे. विचारायला हवं होतं.

आज संध्याकाळी भेटीच्या वेळेत आत गेले. अरुण उशांना टेकून बसला होता. नाकाशी ऑक्सिजन, पाठीत दुखणं मारणारी बारीक नळी. सुमन नावाची नर्स त्याच्याकडून तीन चेंडूंचा खेळ करून घेत होती. प्लास्टिकचं खेळणं असतं, नळीनं आत श्वास ओढला की चेंडू वर चढतात. एक चेंडू चढला, दुसरा जागचा हलेना.

अरुण नळी बाजूला करून म्हणाला, "सिस्टर, दम लग रहा है."

ती म्हणाली, "शाबाश अंकलजी! लगाइए दम, और लगाइए!"

तो हसला. मीही हसले. सीतापुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं कारागिरांमध्ये काढल्यामुळे त्याची हिंदी अगदी इथली झाली आहे. मला म्हणाला, "मंदा, गाजरं फ्रीजमध्ये ठेवलीस ना?" मी म्हटलं, ज्या भाजीपायी हे सगळं झालं तिचं नाव काढू नकोस.

चेहरा जरा थकलेला वाटला. आयसीयूतल्या दिव्यांखाली कोणीही थकलेलंच दिसेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

झालं.

सकाळी. मी काचेबाहेर होते. दुसऱ्या चेंडूचं सोडा, वाक्य पूर्ण होत नव्हतं त्याचं. पाठ पुढे येत होती, गळ्याखाली खड्डा पडत होता. ती धावत आली नाही. ती तिथे उभी होती. सगळं ट्रेवर मांडून ठेवलेलं होतं. सुमननं मला बाहेर नेलं.

आता तो यंत्रावर आहे. झोपवून ठेवलाय.

परवासाठी, म्हणाली होती. मंगळवारी म्हणाली होती.

कीर्ती दुपारच्या विमानानं येते आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं बरंच होतं, पण त्यातलं मी काहीच करत नव्हते.

अरुणला पोटावर पालथा झोपवतात. पाच माणसं मिळून, एक-दो-तीन म्हणत, सगळ्या नळ्या सांभाळत वळवतात. पाठीकडचा भाग वर आला की तिथे हवा शिरते म्हणे. लहान बाळासारखी मान एका बाजूला वळवलेली. मला पहिल्यांदा ते बघवलं नाही. दुसऱ्यांदा बघितलं तर पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर सरकत होता. नुसतं पालथं केल्यानं! मी तिथेच काचेला नाक लावून उभी राहिले. कीर्ती म्हणाली, "आई, तुझा चष्मा काचेवर आपटतोय."

सावनीनं आज खाटेवरच काढलेला एक्स-रे दाखवला. मंगळवारी संगणकानं जिथे लाल रंगवलं होतं, तिथेच पांढरं झालं होतं. नकाशावर नकाशा ठेवावा तसं. बत्तीस वर्षांत माझा एकही अंदाज इतका तंतोतंत उतरला नाही. हेवा वाटला. खोटं कशाला लिहू? त्या संगणकाचा मला हेवा वाटला.

मग ती म्हणाली, "काकू, काळजी करू नका. मशीन काकांना चांगला दम देतं आहे."

मी म्हटलं, "त्याला दम द्यायला मी होते की घरी. त्यासाठी एवढं मोठं यंत्र कशाला?"

तिला कळेना. कीर्तीनं हसत समजावलं की मराठीत दम देणं म्हणजे धमकावणं. बिचारी लाजली. "सॉरी काकू. मला वाटलं दम मतलब श्वास. मम्मी म्हणते ना, जिना चढून दम लागला."

"ते बरोबर आहे," कीर्ती म्हणाली. "दम लागणं म्हणजे धाप लागणं. दम देणं वेगळं."

त्या दोघी हसत होत्या आणि माझं हसू तिथेच थांबलं.

दम लग रहा है.

तो हिंदी बोलत नव्हता. हिंदीत दम लगाते हैं, जोर लावतात. म्हणून सुमन शाबाश म्हणाली, तिचं चुकलं नाही. तो मराठी बोलत होता. दम लागतोय, सिस्टर. मराठीच वाक्य, फक्त शेपूट हिंदीचं. या गावात राहून आमचं सगळ्यांचं असंच झालंय. आणि मी दोन हातांवर बसले होते. मराठी बाई. लोकांचं लिंग-वचन सुधारत फिरणारी. मी ते हिंदीतच ऐकलं आणि हसले.

मी सावनीला सांगितलं. ती म्हणाली, "बुधवारी कळलं असतं तरी आम्ही हेच केलं असतं, काकू. तो फोटो आधीच बोलला होता." या वेळी 'तो' बरोबर म्हणाली.

हे मला फार वेळ पुरलं. माणूस एक बोलतो, नर्सला दुसरं ऐकू येतं, बायकोला तिसरंच. चित्राला भाषा नव्हती, म्हणून त्याच्याबद्दल कोणाचा गैरसमज झाला नाही. त्यानं अरुणचं ऐकलं, त्याला दम लागायच्या आधी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

झोपेचं औषध कमी केलं. डोळे उघडले. घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, पण ओळख आहे. सुमननं पाटी आणि पेन दिलं. आम्ही तिघी वाकून बघतोय, आता हा काय लिहितो. अक्षरं कोंबडीनं उकरल्यासारखी.

"गाजर?"

सुमनला वाटलं भूक लागली. कीर्ती रडायला लागली. मी म्हटलं, "सुकली. तुझ्यासारखीच." त्याच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. तोंडात नळी असताना माणूस हसतो तेव्हा फक्त तेवढंच हलतं, आणि तेवढं पुरतं.

सावनीला मी बाहेर गाठलं. ती विचारातच होती, म्हणाली परवा सकाळी नळी काढून बघू. मी विचारलं, "शक्यता किती?"

"दहातले आठ आरामात श्वास घेतात. दोघांना परत नळी घालावी लागते."

"लिहून द्याल?"

"काकू, लिहून कसं..."

"नको. असू दे." वेधशाळेत असताना दहात आठ असते तर मी शेतकऱ्यांना खुशाल कापणी करा म्हणून सांगितलं असतं. मग ते दोघे कोण, याचा विचार मी तेव्हा करत नसे. आता करते.

जाता जाता माझी मूळ तक्रार तिला ऐकवली. त्याची सही घेतली, मला का विचारलं नाही? तिनं इकडे तिकडे पाहिलं. म्हणाली, "काका रागावतील. त्या दिवशी फोटो दाखवून मी म्हटलं, मिसेसना येऊ देत. तर म्हणाले, सकाळपासून छाती जरा जड वाटते आहे, आत्ताच न्या, ती चहा आणायला गेली आहे तोपर्यंत. मंदाला सांगू नका. ती घाबरली की भांडते."

ती घाबरली की भांडते!

म्हणजे चहा 'खालचा' का हवा होता, ते आज कळलं. आणि हे वाक्य त्यानं परक्या मुलीसमोर उच्चारलं. मी घाबरट? वाळूच्या वादळात वेधशाळेच्या गच्चीवर चढून वाऱ्याचं यंत्र बघणारी मी! कीर्तीला सांगितलं तर ती म्हणते, "आई, बाबा बरोबर बोलले." बापाची मुलगी.

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५
सायंकाळचे सहा

प्रति,
श्री. अरुण वझलवार,
पलंग क्रमांक चार, आयसीयू

हे पान मी उद्या सकाळी भेटीच्या वेळेत तुझ्या डोळ्यांसमोर धरणार आहे. चष्मा घेऊन येते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तू मला चहाच्या बहाण्यानं खाली पाठवून परस्पर सही केलीस. मी परत आले तेव्हा पलंगावर फक्त चादर होती. त्यापुढची पाच मिनिटं मी कशी काढली हे तुला कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. छाती जड असल्याचं तू डॉक्टरला सांगितलंस, मला नाही. दम लागत असल्याचं नर्सला सांगितलंस, मला नाही. तेही धड कुठल्याच भाषेत नाही. माझ्याबद्दल एक वाक्य मात्र स्पष्ट मराठीत बोललास.

मी तुझ्या आतलं झाड पाहिलंय, अरुण. त्यात शिरलेले ढग पाहिलेत आणि आता ते पांगताना पाहतेय. सावनी म्हणते पुढच्या फोटोत बरंच काळं दिसेल. काळं म्हणजे चांगलं, ते मी तुला शिकवीन. एवढं मोठं मैदान आत घेऊन हा माणूस मला गाजरं फ्रीजमध्ये ठेवलीस का म्हणून विचारत होता, याचं मला अजून नवल वाटतं. पण नवल वाटलं म्हणून तक्रार मागे घेतली, असा अर्थ काढू नये.

मागणी: 'ती घाबरली की भांडते' या विधानाचा खुलासा करावा. तू स्वतः किती घाबरला होतास तेही लिहावं, कारण ते मला कोणी सांगितलं नाही आणि कोणत्याही चित्रात दिसलं नाही. उत्तर मराठीत हवं.

उत्तर लेखीच हवं. तोंडी विचारलं की तू विनोद करतोस आणि मी हसते आणि मूळ मुद्दा राहून जातो, असं आपलं बेचाळीस वर्षं चाललंय. उद्या दहा वाजता नळी निघेल. दहातले आठ, असं म्हणाली आहे ती. त्यानंतर तू बोलायला लागशील, आणि मग तुझ्याकडून खरं उत्तर मिळण्याची काही आशा नाही. नंतर जितकं बोलायचं तितकं बोल. रात्रभर बोल. मी दम धरून ऐकेन.

मुदत: उद्या, गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी दहाच्या आत. पाटी आणि पेन सुमनकडे आहे. मुदतवाढ मिळणार नाही.

मंदाकिनी